गेटबाहेर गेला तरी आपलाच

प्लेटिंगच्या धंद्यात कंत्राटदार निवडायची वेळ सारखी येते. पार्ट टांगायचे जिग बनवणारा, रेक्टिफायर दुरुस्त करणारा, कामगार पुरवणारा, कॅन्टीन चालवणारा. यांचं काम समोर दिसतं. जिग वाकडा निघाला तर पार्ट रिजेक्ट होतो, भाजी खारट झाली तर दुपारीच ओरड होते. पर्यावरणाच्या कामाचा कंत्राटदार या सगळ्यांहून वेगळा. तो आपल्याकडचं जे उचलून नेतो ते पुन्हा डोळ्यांसमोर येऊ नये म्हणूनच तर आपण त्याला पैसे देतो. त्यानं काम नीट केलं की वाटेत कुठे ओतून टाकलं, हे आपल्या पाठीमागे ठरतं. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंग शॉपमध्ये मी केमिस्ट आहे. ही निवड माझ्याकडे आली, आणि दर, मुदत, ओळखपाळख हे नेहमीचे निकष इथे किती अपुरे पडतात ते कळत गेलं.

आमच्याकडे झिंक आणि हार्ड क्रोम अशा दोन लाइन चालतात. लोखंडी पार्ट आधी तेलकटपणा काढणाऱ्या गरम टाकीत जातो, मग ॲसिडमध्ये, मग प्लेटिंगच्या बाथमध्ये, आणि प्रत्येक टाकीनंतर पाण्यात धुतला जातो. धुताना आधीच्या टाकीतलं थोडं द्रावण त्याला चिकटून पुढे येतं. ते सगळं शेवटी ईटीपीत, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या आमच्या छोट्या केंद्रात जमा होतं. ॲसिड, अल्कली, झिंक, विरघळलेलं लोखंड आणि क्रोम लाइनमधलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम. यातलं क्रोमियम सगळ्यांत घातक. त्यानं कॅन्सर होऊ शकतो, आणि ते पाण्यात सहज विरघळत असल्यानं दूरवर पसरतं. हार्ड क्रोमच्या बाथमध्ये लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक ॲसिड असतं. बाहेर सोडायच्या पाण्यात मात्र हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. या दोन आकड्यांमधलं अंतर रोज, न चुकता, कापायचं असतं. ते कापणारा माणूस बहुतेक कारखान्यांत कंत्राटदाराचा असतो.

आधीचं कंत्राट संपत आलं तेव्हा साहेब, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, "मॅडम, तीन-चार कोटेशन मागवा. तुलनेचा तक्ता करा. कमीवाल्याशी बोलू." ते काही चुकीचं बोलत नव्हते. जॉबवर्कच्या धंद्यात गिऱ्हाईक पैशापैशाला भाव करतं, त्यामुळे मालकाला प्रत्येक खर्चाकडे तसंच बघावं लागतं. कोटेशन आली. जवळपास सगळी एकरकमी होती: ईटीपी चालवायला ऑपरेटर, केमिकल, दरमहा पाण्याची तपासणी, गाळ उचलणं, वर्षाचे सगळे फॉर्म भरणं, आणि वर एक ओळ की प्रदूषण नियंत्रण मंडळाशी संबंधित सर्व कामं आम्ही पाहू. बोलणं सुरू झालं की तीच ओळ तोंडी यायची, "मॅडम, बोर्डाचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, ते आम्ही बघतो." मालकाला हे वाक्य गोड लागतं. एकच बिल, एकच माणूस, डोक्याला ताप नाही.

त्या एकरकमी आकड्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. केमिकल त्याचंच असेल, तर चुन्याची प्रत्येक वाचवलेली गोणी हा त्याचा नफा. गाळ उचलणं त्याच रकमेत असेल, तर गाळ जितका कमी निघेल, निदान कागदावर कमी दिसेल, तितकं त्याच्या फायद्याचं. आणि पाण्याचा नमुनाही तोच घेणार असेल, तर पेपर लिहिणाराच पेपर तपासणार. यात माणूस वाईटच असावा लागतो असं नाही. कंत्राटाची बांधणीच अशी की चांगल्या माणसालाही महिनाअखेरीला हात आखडता घ्यावासा वाटेल. म्हणून मी साहेबांना पहिली गोष्ट सुचवली: कंत्राट तोडून तीन करू. चालवणारा एक, तपासणारा दुसरा, उचलणारा तिसरा. केमिकल आपण स्वतः विकत घेऊ आणि स्टोअरमधून चिठ्ठीवर देऊ.

"म्हणजे तीन जणांच्या मागे धावायचं?" साहेबांनी विचारलं.

"धावायचं नाही साहेब. तिघांचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघायचं."

आकडे जुळवणं म्हणजे काय, ते जरा सांगायला हवं, कारण या सगळ्या निवडीचा कणा तोच आहे. रसायनशास्त्रात काहीच हरवत नाही. क्रोम लाइनच्या पाण्यातलं एक किलो हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कमी घातक अशा ट्रायव्हॅलंट रूपात आणायला कागदावरच्या हिशेबानं पावणेतीन किलोच्या आसपास सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच. ते क्रोमियम चुन्यानं खाली बसवलं की जवळपास दोन किलो कोरडा गाळ होतो. एक किलो झिंकचा दीड किलो, एक किलो लोखंडाचा जवळपास एक किलो नऊशे ग्रॅम. वर चुन्यातला न विरघळलेला भाग, आणि फिल्टर प्रेसमधून निघणाऱ्या केकमध्ये निम्म्याहून जास्त तर पाणीच असतं. तेव्हा महिन्याला किती क्रोमिक ॲसिड आणि किती झिंक स्टोअरमधून निघालं, किती पार्टांवर चढलं, हे ठाऊक असेल तर गाळ किती निघायला हवा याचा अंदाज कागदावर मांडता येतो. एका कोटेशनमध्ये लिहिलं होतं, "आमच्या पद्धतीने गाळ निम्मा होईल." मी विचारलं, केक वाळवणार आहात का? नाही. लाइनवर काही बदल सुचवताय का? नाही. मग उरलेला निम्मा कुठे जाणार? याचं उत्तर मिळालं नाही. पाण्याबरोबर नाल्यात गेला तरच गाळ असा निम्मा होतो.

ईटीपी चालवणारी कंपनी निवडायला मी कागदपत्रांपेक्षा जार टेस्टवर भर दिला. प्रत्येकाला सांगितलं, तुम्ही आमच्याकडे ज्याला रोज उभा करणार आहात त्यालाच पाठवा, मालकाला किंवा सेल्सवाल्याला नको. लॅबमधल्या ओट्यावर क्रोम लाइनचं धुण्याचं पाणी काचेच्या जारमध्ये ठेवलं, लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. बाजूला सल्फ्युरिक ॲसिड, मेटाबायसल्फाइट, चुन्याची निवळी, गाळाचे गठ्ठे करणारं पॉली. म्हटलं, करून दाखवा.

एकानं आल्या आल्या मेटाबायसल्फाइट ओतलं आणि ढवळत बसला. पिवळा रंग हलेना. ही प्रक्रिया पीएच दोन-अडीचपर्यंत उतरवल्याशिवाय झटकन होतच नाही, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. दोष त्याचा नव्हता. आयटीआय न झालेल्या पोराला हेल्परच्या पगारात ईटीपीवर उभं करणारी कंपनी मात्र त्याच क्षणी आमच्या यादीतून गेली. दुसऱ्यानं क्रम बरोबर पाळला, पण घाईघाईत. तिसरा मुलगा आला तो जारकडे बघत नुसताच उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे सायनाइडची लाइन आहे का? हे पाणी कुठल्या कुठल्या टाकीचं एकत्र आलंय?"

आमचं झिंक क्लोराइड बाथवर चालतं, सायनाइड नाही. पण ॲसिडला हात लावण्याआधी हा प्रश्न विचारणं किती मोलाचं आहे हे प्लेटिंगवाल्याला सांगावं लागत नाही. सायनाइडच्या पाण्यात ॲसिड पडलं तर हायड्रोजन सायनाइड वायू निघतो, आणि तिथे उभा असलेला माणूस वाचेलच असं सांगता येत नाही. माझं उत्तर ऐकल्यावर त्यानं थेंबाथेंबानं ॲसिड सोडलं, दर खेपेला पीएच बघितला. मेटाबायसल्फाइट घातल्यावर पिवळ्याचा हिरवट रंग व्हायला लागला. तो थांबला, घड्याळ बघितलं, पुरता वेळ दिला. मग चुना, पीएच साडेआठच्या जवळ आला तशी राखट हिरवी बुंदी धरायला लागली, पॉलीच्या दोन थेंबांनी तिचे गठ्ठे झाले आणि ते तळाला बसले. वरचं पाणी नितळ. तरीही त्यानं त्यातलं थोडं पाणी परीक्षानळीत काढून ॲसिडिक केलं, डायफिनाइलकार्बाझाइडचा थेंब टाकला आणि जांभळी झाक येते का ते उजेडात धरून पाहिलं. आली नाही. पाणी नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं असं धरायचं नसतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या कंपनीचा दर सगळ्यांत कमी नव्हता. आम्ही काम त्यांना दिलं, आणि वर्क ऑर्डरमध्ये लिहून घेतलं की ऑपरेटर बदलायचा असेल तर नव्या माणसाची जार टेस्ट आमच्यासमोर होईल.

या कंपनीनं पहिल्याच महिन्यात सुचवलं की टाकीतून जिग वर काढल्यावर तो बाथवरच थोडा जास्त वेळ निथळू द्या, आणि धुण्याच्या टाक्या उलट्या प्रवाहानं जोडा, म्हणजे शेवटच्या टाकीतलं स्वच्छ पाणी मागच्या टाकीत येत राहील. त्यामुळे पाणी कमी लागलं, केमिकल कमी लागलं आणि गाळही खरोखरच कमी झाला. आपलंच काम घटेल असा सल्ला देणारा कंत्राटदार भेटला तर तो सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

तपासणीचं काम एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला दिलं. मान्यतेच्या यादीत आपल्याला हव्या त्या चाचण्या आहेत का, हे वेगळं बघावं लागतं. मान्यता प्रयोगशाळेला असते तशीच ती चाचणीगणिक असते. नमुना त्यांचाच माणूस येऊन घेईल, दिवस आधी सांगणार नाही, अशी अट घातली. तो मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं धातूंच्या बाटलीत नायट्रिक ॲसिड घातलं, पण हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या बाटलीत घातलं नाही. मी मुद्दाम विचारलं, का? म्हणाला, "ॲसिडमध्ये ते ट्रायव्हॅलंट होऊन जाईल मॅडम, रिपोर्ट खोटाच चांगला येईल." बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून, लेबलवर माझी सही घेऊन तो गेला. एवढं बघितल्यावर रिपोर्टवरच्या आकड्यावर विश्वास ठेवायला मला कारण मिळालं.

सगळ्यांत अवघड निवड तिसऱ्याची, गाळ उचलणाऱ्याची. ईटीपीचा हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तो ३५.३ या क्रमांकाखाली येतो. तो आवारात साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निघणाऱ्या छोट्या कारखान्यांना मंडळ मुदत वाढवून देऊ शकतं. आणि तो नेताना मॅनिफेस्ट लागतं. या मॅनिफेस्टच्या सात रंगांच्या सात प्रती नियमात सांगितल्या आहेत. पांढरी मंडळाला, पिवळी आपल्याकडे, गुलाबी कचरा घेणाऱ्या केंद्राकडे, नारिंगी गाडीवाल्याला, हिरवी केंद्राकडून मंडळाला, निळी केंद्राकडून परत आपल्याला, आणि करडी, माल परराज्यातून आला असेल तर, पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला. आता हे काम ऑनलाइन होऊ लागलं आहे, पण रंगांमागची कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. माल निघाला याची नोंद आपण करतो. तो पोचला याची नोंद दुसऱ्या टोकाचा माणूस करतो. म्हणून आमच्या वर्क ऑर्डरमधली सगळ्यांत महत्त्वाची ओळ अशी आहे: केंद्राची पोच आणि तिथल्या वजनकाट्याची पावती आल्याशिवाय वाहतुकीचं बिल पास होणार नाही.

ही अट वाचूनच दोघांनी माघार घेतली. त्यातल्या एकाचा दर बाकीच्यांच्या निम्मा होता. फोनवर म्हणाला, "मॅडम, एवढं कोण बघतं? पेपर तुम्हाला मिळतील ना!" पेपर मिळतील, हे तो खरंच बोलत होता. मला तर गाळ कुठे उतरणार ते हवं होतं. साहेबांचा जीव त्या निम्म्या दरात अडकला होता, ते साहजिक होतं. मी त्यांना म्हटलं, "डिझेल सगळ्यांना सारखंच लागतं, केंद्राची फी सगळ्यांना सारखीच भरावी लागते. मग याचा दर नक्की कुठे कमी झाला, ते आपण त्यालाच विचारू." विचारलं. तो पुन्हा फोनवर आला नाही.

दर असा कमी होतो तेव्हा काय होतं याची उदाहरणं आपल्या डोळ्यांदेखत घडलेली आहेत. २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत टँकरमधून रसायन सोडलं गेलं आणि काठावरच्या वस्त्यांमधले शेकडो लोक श्वास कोंडून रुग्णालयांत गेले. जानेवारी २०२२ मध्ये सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत रात्री टँकरमधलं रसायन नाल्यात ओतलं जात असताना विषारी वायू पसरला आणि जवळ झोपलेले ६ कामगार गेले. तपासाचा एक धागा थेट आपल्या तळोजापर्यंत आला होता. त्या कामगारांचा त्या कचऱ्याशी काडीचाही संबंध नव्हता. ते फक्त नाल्याजवळ झोपले होते. अशा बातमीत टँकरचालकाचं नाव आधी येतं. पण नियम तिथे थांबत नाहीत. कचरा अयोग्य रीतीनं हाताळल्यामुळे पर्यावरणाचं किंवा कुणाचंही नुकसान झालं, तर वाहतूकदाराबरोबर कचरा तयार करणाराही जबाबदार धरला जातो. माल गेटबाहेर गेला म्हणून तो परका होत नाही.

उचलणाऱ्यांपैकी शेवटी ज्यांच्याशी बोलणी पुढे गेली, त्यांना मी म्हटलं, मला तुमची गाडी आणि माल उतरतो ती जागा, दोन्ही बघायचं आहे. ते म्हणाले, कधी येताय? एवढं सरळ उत्तर इतर कुणी दिलं नव्हतं. गाडीवर घातक कचऱ्याची खूण होती, ताडपत्री धड होती, चालकाकडे आपत्कालीन माहितीचं ट्रेम कार्ड होतं. ते कार्ड नुसतं खिशात होतं की वाचलेलं होतं हे कळायला मी त्याला विचारलं, रस्त्यात गाडी कलंडली आणि गाळ सांडला तर? "आधी लोकांना लांब करायचं, पाणी मारायचं नाही, माती टाकून अडवायचं, आणि कार्डावरच्या नंबरला फोन." पाणी मारायचं नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं. पाण्याबरोबर गाळातला धातू शेतात उतरेल, हे तो जाणून होता.

मग रांजणगावच्या सामायिक केंद्रावर गेले. पुणे-नगर रस्त्यावरून जाताना दोन्ही बाजूंना शेतं लागतात. आत गाडी आधी काट्यावर चढते, मग नमुना निघतो. तुम्ही आधी पाठवलेल्या विश्लेषणाशी तो जुळतो का ते तपासतात; जुळला नाही तर माल परत. धातूंचा गाळ सरळ पुरत नाहीत, त्यात चुना-सिमेंटसारखं काही मिसळून तो आधी बांधून टाकतात, म्हणजे पावसाच्या पाण्यात धातू सुटू नयेत. मग सुरक्षित भूभराव. खाली दाबलेली माती आणि जाड प्लास्टिकचे थर, त्यावर झिरपणारं पाणी गोळा करायची व्यवस्था, आणि आसपासच्या भूजलावर नजर ठेवायला निरीक्षण विहिरी. एका बाजूला भरलेला कक्ष वरून झाकून बंद केलेला होता.

तिथे उभं राहिल्यावर जाणवतं की हा सगळा खटाटोप कचरा नाहीसा करण्यासाठी नाही, तो राखण करत ठेवण्यासाठी आहे. क्रोमियम हे मूलद्रव्य आहे. ते जळून जात नाही, कुजत नाही. भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा १९८४ च्या दुर्घटनेनंतर तब्बल चाळीस वर्षांनी, जानेवारी २०२५ मध्ये, १२ कंटेनरमधून पीथमपूरला हलवला गेला. एका पिढीनं मागे ठेवलेलं दुसऱ्या पिढीला उचलावं लागलं. आमचा गाळ त्यापुढे किरकोळ आहे, पण नियम तोच लागू होतो. आज तो कुणाच्या राखणीत ठेवला हे महत्त्वाचं, कारण तो तिथेच राहणार आहे.

एक अडचण उरली होती. आमच्याइतक्या थोड्या मालासाठी मोठी गाडी येणं परवडत नव्हतं, आणि गाडी आली नाही तर मुदत उलटते. छोटे कारखाने नेमके याच फटीतून भलत्या माणसाच्या हाती लागतात. आमच्याच गल्लीत पावडर कोटिंगवाले, फॉस्फेटिंगवाले होते, त्यांचीही हीच रड. त्यांना गाठून, वाहतूकदाराशी बोलून, एकाच फेरीत सगळ्यांचा माल घ्यायचं ठरलं. प्रत्येकाच्या पिशव्या वेगळ्या, लेबलं वेगळी, मॅनिफेस्ट वेगळं, वजन वेगळं. खर्च वाटला गेल्यावर दराचा प्रश्नच बराचसा मिटला. गाडी अधूनमधून वाट बघायला लावते, पण ती नक्की येते.

रसायनांच्या रिकाम्या बॅरलचं प्रकरण मात्र जास्त नाजूक होतं, कारण तिथे पैसे उलट्या दिशेनं वाहतात. गाळासाठी आपण पैसे देतो. रिकाम्या बॅरलसाठी भंगारवाला आपल्याला देतो. साहेबांना पटवणं कठीण गेलं. "येणारे पैसे सोडून वर आपणच द्यायचे?" पण रसायन चिकटलेले बॅरल, कॅन, लायनर हे त्याच अनुसूचीत ३३.१ खाली घातक कचराच आहेत. भंगारात गेलेला बॅरल कुठेतरी उघड्यावर धुतला जातो, धुणारीच्या हातात मोजे नसतात, आणि धुतलेला निळा बॅरल मग पाणी साठवायला विकला जातो. पाणी चार दिवसांनी येतं अशा वस्तीत कुणीतरी तो विकत घेतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं चिखली-कुदळवाडीतली अनधिकृत बांधकामं, त्यात भंगाराची कितीतरी गोदामं, पाडली. गोदामं पाडून तो व्यवहार संपत नाही. बॅरल पाठवणारे कारखाने जोवर आहेत तोवर तो दुसरीकडे उभा राहतो. मी साहेबांना एवढंच विचारलं, "आपल्या क्रोमिक ॲसिडच्या डब्यातलं पाणी तुमच्या घरी चालेल का?" त्यांनी त्याच दिवशी भंगारवाल्याला नाही सांगितलं. आता बॅरल अधिकृत धुलाई केंद्राकडे जातात किंवा पुरवठादार परत नेतो. नवीन पुरवठादार निवडताना डबे परत घेणार का, हे आम्ही आधी विचारतो.

टाकी साफ करण्याचं कंत्राट देताना जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय हे लिखाण पुरं होणार नाही. ईटीपीची जमिनीखालची साठवण टाकी वर्षाकाठी रिकामी करून तळचा गाळ काढावा लागतो. एका कंत्राटदारानं दोन पोरं पाठवली. हातात बादली, दोर आणि फावडं. गॅस मीटर नाही, ब्लोअर नाही, तिपाई नाही, हार्नेस नाही. मी टाकीचं झाकण उघडू दिलं नाही. मुकादम म्हणाला, "मॅडम, पोरं सवयीची आहेत, वास आला तर वर येतील." सडक्या अंड्याच्या त्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं, वास येणं बंद होतं. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं, आणि माणूस खालीच राहतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी दर काही महिन्यांनी येते, फक्त गाव बदलतं.

१९४८ च्या कारखाने अधिनियमानं कलम ३६ मध्ये अशा बंदिस्त जागेत माणूस उतरवण्यावर बंधनं घातली. २०१३ च्या कायद्यानं गटारं आणि सेप्टिक टँकची जीवघेणी सफाई माणसाकडून करून घ्यायला मनाई केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारात मृत्यू आल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी असं सांगितलं. इतकं सगळं असूनही त्या मुकादमाकडे यातलं कुणी काही मागितलं नव्हतं. आम्ही ते काम परत पाठवलं आणि यंत्रानं गाळ ओढणाऱ्याला दिलं. माणूस उतरवायचीच वेळ आली तर आधी ब्लोअर, मग मीटरवर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, विषारी आणि पेट घेणाऱ्या वायूंचं माप सुरक्षित, वर तिपाईला बांधलेला दोर, आणि माझी सही असलेली परवानगी. दर जास्त लागला. त्या दोन पोरांपैकी एकानं जाताना विचारलं, "मॅडम, आजची हजेरी मिळेल का?" हजेरी आम्ही दिली. पण त्या प्रश्नानं मला समजलं की स्वस्त कंत्राटाची किंमत सगळ्यांत आधी कोण मोजत असतं.

हे सगळं केल्यावर आमचा खर्च वाढला, हे मी लपवणार नाही. त्यातला काही पाणी आणि केमिकल वाचल्यानं भरून आला, काही नाही. साहेबांनी तो मान्य केला, कारण मोठ्या गिऱ्हाइकांची ऑडिटं आता मॅनिफेस्ट आणि गाळाचा हिशेबही विचारतात, आणि आमच्या फायलीतले आकडे एकमेकांशी बोलतात. माझ्या दृष्टीनं कारण याहून जवळचं आहे. आमच्या बाजूचे नाले इंद्रायणीला मिळतात आणि पुढे आळंदी आहे. आळंदीच्या घाटावर पांढरा फेस तरंगताना सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला आहे. तो फेस कुणाचा, यावर वसाहतवाले नगरांकडे आणि नगरवाले वसाहतीकडे बोट दाखवतात. मला निदान माझ्या गेटपुरतं, कागद हातात घेऊन, सांगता येतं की आमचं काय कुठे गेलं. प्रत्येक कारखान्याच्या जबाबदार माणसाला हे सांगता आलं पाहिजे, आणि ते सांगता येईल की नाही हे कंत्राटदार निवडतानाच ठरून जातं.

वसाहतीतले नवे उद्योजक विचारायला येतात तेव्हा मी त्यांना पाचच गोष्टी सांगते. चालवणारा, तपासणारा आणि उचलणारा वेगवेगळे ठेवा. रोज टाकीवर उभा राहणारा माणूस आधी भेटा. माल शेवटी उतरतो ती जागा स्वतः जाऊन बघा. दाखवायला जो टाळाटाळ करेल त्याला काम देऊ नका. आणि पोच आल्याशिवाय बिल देऊ नका. आमची कंत्राटं पुन्हा नव्यानं करायची वेळ आता आली आहे. या खेपेच्या वर्क ऑर्डरमध्ये मी दोन ओळी वाढवल्या आहेत: टाकी सफाईच्या माणसांचा विमा आणि त्यांची मजुरी थेट बँकेत जमा झाल्याचा पुरावा बिलाबरोबर जोडावा, आणि वाहतूकदारानं वर्षातून एकदा आमच्या ईटीपीच्या ऑपरेटरला भूभरावापर्यंत न्यावं. आपण रोज फिल्टर प्रेसमधून खरवडून काढतो ते कुठे आणि कसं ठेवलं जातं, हे त्यानंही बघितलेलं असावं. साहेबांनी दोन्ही ओळींवर सही केली आहे.